लाख, पळस आणि ज्वारीचा चमचा

चारमिनारच्या पश्चिमेला निघणारा रस्ता म्हणजे हैदराबादचा लाड बाजार. लग्नसराईत इथे पाय ठेवायला जागा नसते. खड्यांच्या बांगड्या रस्त्यावर चमकतात आणि त्या घडतात मागच्या गल्ल्यांतल्या छोट्या खोल्यांत. कारागीर निखाऱ्यांच्या शेगडीवर लाख तापवतो. ती मऊ झाली की लाटून तिची सळी करतो, सळी गोल वळवून टोकं एकमेकांत मिसळतो. मग बांगडीला पुन्हा ऊब देतो आणि ती नरम आहे तेवढ्या वेळात चिमट्याने एकेक खडा बसवत जातो. गार झाली की खडा पक्का होतो. मोडलेल्या बांगडीची लाख वितळवून पुन्हा वापरता येते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या कामाला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

उष्णतेने मऊ व्हायचं, द्याल तो आकार घ्यायचा, गार झाल्यावर तो धरून ठेवायचा आणि पुन्हा तापवलं की पुन्हा मऊ व्हायचं. रसायनशास्त्र ज्याला उष्णमृदू प्लास्टिक म्हणतं, त्याचं वर्णन याहून वेगळं नाही. फरक एवढाच की लाड बाजारातलं हे प्लास्टिक एका किड्याने बनवलेलं आहे. लाखेचा किडा जन्मतः जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पळस, बोर किंवा कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर त्याची लाल पिल्लं हजारोंनी पसरतात, सालीत सोंड खुपसतात आणि मादी तर आयुष्यभर तिथून हलत नाही. झाडाचा रस शोषता शोषता अंगातून राळ पाझरते आणि तिचं कवच किड्यांवर चढत जातं. शेतकरी किडे असलेल्या फांद्यांचे तुकडे, म्हणजे बीजलाख, नव्या झाडांवर बांधतात आणि काही महिन्यांनी कवच चढलेल्या फांद्या छाटतात. खरवडून, धुऊन, वितळवून, कापडातून गाळून आणि पातळ पत्र्यासारखी ताणून ती चपडा लाख होते. झारखंड हा या पिकाचा मोठा मुलूख, पण आपल्या गोंदियाच्या बाजारपेठेतही लाखेचा व्यापार जुना आहे.

प्लास्टिकला नैसर्गिक पर्याय शोधायची गोष्ट लाखेपासून सुरू करायला एक सबळ कारण आहे. इतिहासात क्रम उलटा लागलेला आहे. आधी लाख होती आणि तिला पर्याय म्हणून प्लास्टिक आलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेचा वापर वाढला तसा तारा आणि यंत्रांच्या आवरणांसाठी विद्युतरोधक पदार्थ हवा होता. तो होता लाख, आणि लाख बहुतांशी हिंदुस्थानातून जायची. किडे पाळून मिळणाऱ्या पदार्थाचं उत्पादन कारखान्यांच्या भुकेप्रमाणे वाढवता येत नाही. लिओ बेकलंड हा बेल्जियममध्ये जन्मलेला अमेरिकन रसायनतज्ज्ञ लाखेची जागा घेणारा कृत्रिम पदार्थ शोधायला बसला आणि १९०७ मध्ये त्याने फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांपासून बेकेलाइट बनवलं. पूर्णपणे कृत्रिम असं हे पहिलं प्लास्टिक. आपल्या घरातले जुने काळे स्विच आणि काळे टेलिफोन त्याचेच.

ग्रामोफोनच्या तबकड्यांनी मात्र लाखेला आणखी चाळीस वर्षं सोडलं नाही. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचा आवाज ध्वनिमुद्रित झाला, तेव्हापासून पुढची जवळजवळ अर्ध्या शतकाची भारतीय गाणी लाखेवर कोरली गेली. बालगंधर्वांची पदं आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ठुमऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांनी ऐकल्या त्या लाख, दगडाची भुकटी, काजळी आणि कापसाचे तंतू यांच्या मिश्रणातून. १९४२ मध्ये युद्धामुळे पुरवठा आटला आणि अमेरिकेने तबकड्यांसाठी लागणाऱ्या लाखेवर कडक बंधनं घातली. १९४८ मध्ये व्हायनिलची लाँग प्ले तबकडी बाजारात आली आणि लाखेचं ते राज्य संपत गेलं. व्हायनिल स्वस्त होतं, फुटत नव्हतं आणि खरखरही कमी करत होतं. लोकांनी ते आनंदाने घेतलं यात काही चूक नव्हती.

हे लक्षात ठेवलं की आजच्या प्रश्नाकडे नीट पाहता येतं. प्लास्टिक जिंकलं ते गुणांवर. ते हलकं आहे, पाणी अडवतं, गंजत नाही, कुजत नाही. पाण्याच्या टाकीला किंवा विजेच्या तारेला हाच गुण हवा. पण वीस मिनिटांच्या जेवणासाठी आणलेल्या ताटलीला, किंवा भाजी घरी येईपर्यंतच्या पिशवीला, शेकडो वर्षं टिकणारा पदार्थ वापरायचा हे गणितच चुकलेलं आहे. माझ्या मते या विषयातला सगळा विचार या एका ठिकाणी येऊन मिळतो: वस्तूचं आयुष्य जेवढं, तेवढंच तिच्या पदार्थाचं असावं. जग दर वर्षी चाळीस कोटी टनांहून अधिक प्लास्टिक बनवतं. जैवप्लास्टिकचा त्यातला वाटा अजून एक टक्काही नाही. म्हणून सगळं प्लास्टिक बदलायच्या गप्पा मारण्यापेक्षा, ज्या वस्तूंचं आयुष्य मिनिटांत मोजता येतं त्यांच्यापासून सुरुवात करणं शहाणपणाचं आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे चमचे, ताटल्या, स्ट्रॉ, कानकोरण्याच्या काड्या अशा वस्तूंवर देशभर बंदी घातली, तीही याच हिशेबाने. महाराष्ट्राने तर २३ जून २०१८ पासूनच बंदीची अंमलबजावणी सुरू केली होती.

ताटलीचा पर्याय शोधायला तेलंगणाला फार लांब जावं लागत नाही. लाखेचा किडा ज्या पळसावर वाढतो, त्याच पळसाच्या पानांची पत्रावळ तेलंगणात आणि महाराष्ट्रात सारखीच जुनी आहे. तेलुगूत पळसाला मोदुगा म्हणतात आणि पत्रावळीला विस्तराकु. पूर्व घाटात अड्डाकु नावाच्या मोठ्या पानांच्या वेलीचा (छत्तीसगडकडे तिलाच माहुल म्हणतात) वापर होतो. पूर्वी बायका घरी बसून ही पानं काड्यांनी टाचत. आता तापलेल्या साच्याच्या यंत्रात पानांचे थर दाबून खोलगट, काठ असलेली ताटली निघते, खाली आधाराला पुठ्ठा लावला की रश्श्यालाही पुरते. पळसाला पाणी द्यावं लागत नाही, खत लागत नाही, मुरमाड माळावर तो आपोआप वाढतो आणि पानं तोडली तरी झाड उभं राहतं. उद्योग म्हणून पाहिलं तर अडचण आहे ती एकसारखेपणाची. पानं ऋतूप्रमाणे मिळतात, सुकली की तडकतात, आणि एकाच मापाच्या लाखभर ताटल्या एका तारखेला देणं जंगलावर अवलंबून असलेल्या उद्योगाला जड जातं. लग्नाच्या पंगतीत तरी पत्रावळ परत यायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण तिथे तारीख महिनोन्‌महिने आधी ठरलेली असते आणि मागणी आधी कळवता येते.

हैदराबादमधली दुसरी गोष्ट ज्वारीची आहे आणि ती पाण्यापासून सुरू होते. शहराजवळच्या पाटणचेरू इथे १९७२ मध्ये स्थापन झालेली इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ही तिची पिकं. तिथे संशोधक म्हणून काम केलेले नारायण पीसपाटी भूजलाचा अभ्यास करत होते. तेलंगणाची बरीचशी जमीन ग्रॅनाइटच्या कठीण खडकावर आहे. पाणी साठतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत, म्हणजे साठाच मुळात तोकडा. २००४ पासून शेतीपंपांना मोफत वीज मिळू लागली आणि बोअरवेलवर भात पिकवणं परवडू लागलं. ज्वारी मागे पडली, पाण्याची पातळी खोल गेली. लोक ज्वारी खात नसतील तर शेतकरी ती पेरणार कशाला, हा पीसपाटींपुढचा प्रश्न होता.

त्यांनी सांगितलेली हकीगत अशी की शेतकऱ्यांच्या भेटीला गेल्यावर त्यांनी गार होऊन कडक झालेल्या ज्वारीच्या भाकरीचा तुकडा चमच्यासारखा वापरला आणि विमानप्रवासात एकाला खाकऱ्याच्या तुकड्याने गोड पदार्थ खाताना पाहिलं. तिथून खाता येणाऱ्या चमच्याची कल्पना निघाली. २०१० च्या सुमारास त्यांनी हैदराबादमध्ये बेकीज ही कंपनी सुरू केली. ज्वारी, तांदूळ आणि गहू यांच्या पिठाचा चमचा साच्यात घालून कडक भाजायचा. जेवताना तो गरम आमटीत टिकतो, जेवण झालं की खाऊन टाकायचा आणि नको असेल तर मातीत टाकायचा. २०१६ मध्ये इंटरनेटवरून लोकवर्गणी मागितली तेव्हा अपेक्षेच्या कितीतरी पट पैसे जमले. पुढे मात्र मागणीच्या वेगाने चमचे बनवणं जमलं नाही आणि पैसे भरलेल्या अनेकांना माल वेळेवर मिळाला नाही. छोट्या प्रमाणावर सुरेख जमणारी वस्तू यंत्रावर लाखांनी काढायची म्हणजे दर चमचा सारखा वाळला पाहिजे, वाकता कामा नये, ओल धरता कामा नये. यंत्र, साचे आणि वाळवण यांत जो खर्च येतो, तो प्लास्टिकच्या चमच्याच्या काही पैशांच्या किमतीपुढे टिकत नाही.

तरीही मला या चमच्याचं महत्त्व वाटतं ते त्यामागच्या हेतूमुळे. कचरा कमी करणं हा त्याचा अर्धाच उद्देश होता. उरलेला अर्धा होता कोरडवाहू शेतकऱ्याच्या धान्याला गिऱ्हाईक मिळवून देणं. सोलापूर-मंगळवेढ्याच्या वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि सोलापूरची कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते. त्याच सोलापुरात हैदराबादच्या राजेंद्रनगर इथल्या भारतीय कदन्न संशोधन संस्थेचं रब्बी ज्वारीचं केंद्र आहे. एखाद्या नव्या उद्योगाने कच्चा माल म्हणून पाणी पिणारं पीक घ्यायचं की ज्वारीसारखं काटक पीक घ्यायचं, यावर तो उद्योग निसर्गाचा मित्र ठरतो की नाही हे बरंचसं अवलंबून असतं. या बाजूची चर्चा आपल्याकडे फार कमी होते.

कडक भाकरीत जे घडतं तेच पिष्टमय प्लास्टिकच्या कारखान्यातही घडतं. ज्वारीच्या दाण्यात सुमारे सत्तर टक्के पिष्ट असतं. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, दाण्यात घट्ट गुंडाळून ठेवलेल्या. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा देणारं ग्लुटेन नसतं, म्हणून भाकरीचं पीठ उकळत्या पाण्याने मळतात. उष्णता आणि पाणी मिळालं की या साखळ्या उलगडतात, पाणी धरतात आणि एकमेकींत गुंततात. गार झाल्यावर पुन्हा जवळ येऊन घट्ट होतात. कुरडयांसाठी काढलेला गव्हाचा शिजवलेला चीक पातळ पसरून वाळवला तर जवळजवळ पारदर्शक पापुद्रा निघतो, तसाच हा पिष्टाचा पडदा. कारखान्यात पाण्यासोबत ग्लिसरिन घालतात, म्हणजे साखळ्या एकमेकींवरून घसरत राहतात आणि पडदा ठिसूळ न होता लवचीक राहतो.

या पडद्याचा मोठा दोष कुरडईला पाण्यात टाकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. ओलावा लागला की तो मऊ पडतो. म्हणून नुसत्या पिष्टाची पिशवी होत नाही, पिष्टात दुसरा काही पदार्थ मिसळावा लागतो.

या मिश्रणाचं हैदराबादमधलं सर्वांत ठळक उदाहरण अनपेक्षित ठिकाणाहून आलं. संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेची, म्हणजे डीआरडीओची, अॅडव्हान्स्ड सिस्टिम्स लॅबोरेटरी हैदराबादला आहे. अग्नी क्षेपणास्त्रांच्या विकासात तिचा मोठा वाटा आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी जैवविघटनशील पिशवी विकसित केली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तिरुमला इथे लाडूच्या प्रसादासाठी या पिशव्यांच्या विक्रीचा कक्ष सुरू झाला. हैदराबादची इकोलास्टिक ही कंपनी त्या पुरवणार होती. तिरुमलाला रोज तीन लाखांच्या आसपास लाडू विकले जातात, त्यामुळे जागा अगदी नेमकी निवडलेली होती. पिशवी साधारण तीन महिन्यांत विघटित होते आणि एखाद्या जनावराने खाल्ली तरी अपाय नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं.

या पिशवीला सरसकट मक्याची पिशवी म्हटलं जातं. पण या जातीच्या पिशव्यांमध्ये मक्याच्या पिष्टासोबत सहसा पीबॅट नावाचं पॉलिएस्टर असतं, आणि डीआरडीओचं तंत्रज्ञानही पीबॅटवर आधारलेलं आहे. पीबॅट लवचीक आहे, ओलावा सोसतं आणि त्याच्या साखळीतले काही दुवे जिवाणूंना तोडता येतात. ते बहुतांशी खनिज तेलापासून बनतं. याउलट ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिथिन बनवलं जातं. ते उसातून आलेलं असलं तरी साध्या पॉलिथिनसारखंच मातीत पडून राहतं. पदार्थ कशापासून आला आणि तो शेवटी कुठे जाईल हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. दुकानातल्या वेष्टनावर बहुतेक वेळा पहिल्याचं उत्तर मोठ्या अक्षरांत असतं आणि दुसऱ्याचं नसतंच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी भारतीय मानक आयएस १७०८८ आहे. कंपोस्ट होण्याजोगं प्लास्टिक असा दावा करायचा तर चाचणीत जास्तीत जास्त १८० दिवसांत त्यातल्या किमान ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे. चाचणीचं तापमान असतं ५८ अंश सेल्सियसच्या आसपास. हवा खेळती ठेवलेल्या मोठ्या कंपोस्ट ढिगात हे तापमान सूक्ष्मजीवांच्या कामामुळे आपोआप गाठलं जातं. घरच्या कुंडीत, नाल्याच्या काठावर किंवा हुसेन सागरच्या पाण्यात ते मिळत नाही. पॉलिलॅक्टिक आम्ल, म्हणजे पीएलए, हे मका किंवा उसाच्या साखरेला आंबवून केलेलं प्लास्टिक तर एवढ्या उष्णतेशिवाय वर्षानुवर्षं तसंच राहतं. आणि कंपोस्ट होण्याजोगी पिशवी हैदराबादजवळच्या जवाहरनगरच्या कचरा डेपोसारख्या ढिगात खोल गाडली गेली, तर हवेअभावी ती एक तर कुजत नाही किंवा कुजलीच तर मिथेन सोडते. म्हणजे पिशवी बदलली आणि ओल्या कचऱ्याची वेगळी गाडी आलीच नाही, तर खर्च वाढतो आणि कचरा तिथेच राहतो. नगरपालिकेचं कंपोस्ट केंद्र हा या उद्योगाचा अर्धा कारखाना आहे, असं मी मानतो. तो नसेल तर पर्याय कागदावरच राहतात.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समजही तपासून घ्यायला हवा. कोकणात पोफळीच्या विऱ्यांच्या ताटल्या चांगल्या होतात, मजबूत आणि देखण्या. पण सुपारीच्या झाडात जी अल्कलॉइडं असतात ती अन्नात उतरू शकतात, या कारणाने अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ मध्ये या भांड्यांना हरकत घेतली. उसाच्या चिपाडाच्या ताटल्या तेल शोषू नयेत म्हणून काही उत्पादक त्यात फ्लोरिनयुक्त रसायनं मिसळतात, जी निसर्गात मोडतच नाहीत. चहाच्या कागदी कपालाही आतून बहुधा पॉलिथिनचा पातळ थर असतो. इराणी चहा चिनी मातीच्या कपबशीत देणारी हैदराबादची जुनी हॉटेलं या बाबतीत सगळ्या नव्या शोधांच्या पुढे आहेत, कारण कपबशी धुऊन हजारो वेळा वापरता येते.

महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावरचा प्रयत्न साखरेच्या बाजूने सुरू झाला आहे. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीला पीएलएचं प्रात्यक्षिक केंद्र उभारलं. साखर कारखान्यांना साखर आणि इथेनॉलनंतरचं तिसरं उत्पादन यातून मिळू शकतं. माझा आक्षेप एवढाच, की ऊस हे आधीच सगळ्यात जास्त पाणी घेणारं पीक आहे. ज्वारीचा कडबा, भाताचा पेंढा, उसाचंच पाचट यांतल्या सेल्युलोजपासून प्लास्टिक बनवण्याचं तंत्र अवघड आणि महाग असलं तरी संशोधनाचा पैसा तिकडे वळायला हवा. जे आज बांधावर जाळलं जातं त्याला दर मिळाला, तर दुष्काळी तालुक्यांचा फायदा होईल.

लाखेचं काय झालं? ती कुठेही संपली नाही, फक्त कमी जागेत नेटकी बसली. पोटातल्या आम्लात विरघळत नाही आणि आतड्यातल्या अल्कधर्मी वातावरणात विरघळते, म्हणून काही औषधी गोळ्यांवर आजही तिचा थर देतात. सफरचंदं आणि चॉकलेटच्या गोळ्या चमकवायलाही ती वापरतात. लाड बाजारात ती हातात भरली जाते आणि वर्षानुवर्षं टिकते. तिथे टिकणं हाच गुण आहे आणि मोडली तरी ती मातीला जड नाही.

वाचकांना एक व्यवहाराची सूचना करतो. ‘बायो’, ‘इको’ किंवा ‘ऑक्सो-विघटनशील’ असं छापलेलं असलं म्हणून पिशवी घेऊ नका. ऑक्सो प्रकारच्या पिशव्या फक्त बारीक तुकडे होऊन मातीत मिसळतात. पिशवीवर ‘कंपोस्टेबल’ हा शब्द, उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असायला हवा. तो असेल तर ती पिशवी ओल्या कचऱ्यात टाका, कारण सुक्या कचऱ्यात गेली तर ती पुनर्वापराच्या प्लास्टिकचाही माल बिघडवते. आणि तुमच्या नगरपालिकेत ओला कचरा वेगळा घेऊन त्याचं खत होत नसेल, तर पिशवी बदलण्याआधी तेवढी मागणी लावून धरा.